टाइपसेन्सची ‘पॉप्युलर क्वेरीज’ सोय: मोजणी चोख, निवड मात्र तुमच्यावर

ऑनलाइन दुकानाच्या सर्च बॉक्समध्ये दोन-तीन अक्षरं टाकली की खाली सजेशन्सची यादी उघडते. ही यादी दोन ठिकाणांहून भरता येते. एक म्हणजे दुकानातला माल: उत्पादनांची नावं, ब्रँड, वर्गवारी. दुसरं म्हणजे आधी येऊन गेलेल्या लोकांनी काय काय शोधलं, त्याची नोंद. पहिला मार्ग सोपा आहे, पण त्यातून दुकानदाराची भाषा बाहेर पडते, गिऱ्हाइकाची नाही. कॅटलॉगमध्ये ‘हलके क्रीडा पादत्राण, राखाडी, आकार ९’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस ‘रनिंग शूज’ टाइप करतो. म्हणून बहुतेक दुकानं आज ना उद्या दुसऱ्या मार्गाकडे वळतात.

टाइपसेन्स या सर्च इंजिनमध्ये यासाठी ‘पॉप्युलर क्वेरीज’ नावाचा ॲनालिटिक्सचा, म्हणजे शोधांच्या मोजणीचा, नियम मिळतो (क्वेरी म्हणजे शोधासाठी टाकलेला मजकूर). सर्व्हर ओपन सोर्स आहे (परवाना जीपीएल ३), सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि इंडेक्स (शोधासाठी लावलेली सूची) पूर्णपणे मेमरीत ठेवतो, त्यामुळे अक्षरागणिक उत्तर द्यायला तो उत्तम. आमचं मत आधीच सांगतो: लोकांनी काय शोधलं याची मोजणी हे इंजिन मनापासून नीट करतं. पण मोजलेल्यातलं काय दाखवायचं, हे ते जवळपास पूर्णपणे तुमच्यावर सोडतं. रोज रात्री चालणारी एखादी स्क्रिप्ट लिहू शकेल असा माणूस हाताशी असेल तर ही सोय बिनधास्त घ्या. कच्ची यादी थेट बॉक्सला जोडून मोकळं व्हायचा विचार असेल तर घेऊ नका, महिन्याभरात यादी खराब होईल. का होईल, ते पुढे तपशिलात आहे.

बसवायला काय लागतं

सर्व्हर सुरू करतानाच सर्च ॲनालिटिक्स चालू करायचा फ्लॅग (सुरुवातीची सेटिंग) द्यावा लागतो, ॲनालिटिक्सच्या फाइल्ससाठी फोल्डर द्यावा लागतो आणि जमलेले आकडे किती सेकंदांनी कलेक्शनमध्ये (टाइपसेन्समधला नोंदींचा संच) उतरवायचे तो ‘फ्लश इंटरव्हल’ ठरवावा लागतो. मुळात तो ३६०० सेकंद असतो, कमीत कमी ६० ठेवता येतो. बसवताना ६० ठेवा, नाहीतर नियम चालतोय की नाही हे कळायला तासभर वाट पाहावी लागते आणि तेवढ्यात माणूस चार ठिकाणी उगाच बदल करून बसतो. दुकान सुरू झाल्यावर ३६०० पुरे. सजेशन्स मिनिटामिनिटाला बदलायची गरज नसते.

मग सजेशन्ससाठी वेगळं कलेक्शन बनवायचं. त्यात दोनच फील्ड लागतात: ‘क्यू’ ही स्ट्रिंग (शोधाचा मजकूर) आणि ‘काउंट’ हा ३२ बिटांचा पूर्णांक (किती वेळा शोधलं). शेवटी नियम लिहायचा: कोणत्या कलेक्शनवरचे शोध मोजायचे, कुठे साठवायचे आणि जास्तीत जास्त किती क्वेरी ठेवायच्या. मर्यादा दिली नाही तर १००० धरली जाते.

त्याच बैठकीत ‘नो हिट्स क्वेरीज’ हा दुसरा नियमही लावून टाका. ज्या शोधांना एकही निकाल मिळाला नाही, ते वेगळ्या कलेक्शनमध्ये जमतात. दुकान चालवणाऱ्याने लोकप्रिय यादीच्या आधी ही यादी वाचावी, असं आमचं ठाम मत आहे. लोकांना हवा असलेला पण तुमच्याकडे नसलेला माल आणि तुमच्याकडे असलेला पण लोक वेगळ्या नावाने हाक मारतात तो माल, दोन्ही इथे सापडतात. दुसऱ्या प्रकारावर समानार्थी शब्दांची एक ओळ घातली की काम होतं.

चार सेकंदांचा नियम

या सोयीतला सगळ्यात विचारपूर्वक केलेला भाग हा आहे. अक्षरागणिक शोध चालतो तेव्हा ‘सायकल’ लिहिणारा माणूस सर्व्हरला ‘सा’, ‘साय’, ‘सायक’, ‘सायकल’ अशा चार विनंत्या पाठवतो. सगळ्या मोजल्या तर ‘सा’ कायम पहिल्या नंबरावर राहील, कारण साबण, साडी आणि सायकल शोधणारे सगळेच ‘सा’वरून जातात. कोणतीही भाबडी मोजणी इथेच फसते.

टाइपसेन्स एका व्हिजिटरच्या विनंत्या एकत्र ठेवतो आणि ज्या क्वेरीनंतर ४ सेकंद शांतता आहे, तीच पूर्ण झाली असं धरतो. वेळ मांडून पाहू. शून्य सेकंदाला ‘सा’, ०.४ ला ‘साय’, ०.९ ला ‘सायक’, १.३ ला ‘सायकल’. मग माणूस निकाल पाहत सहा सेकंद थांबतो. ७.३ ला ‘सायकल हे’, ८.० ला ‘सायकल हेल्मेट’ आणि मग एका उत्पादनावर क्लिक. नोंद दोनच गोष्टींची होते: ‘सायकल’ एकदा, ‘सायकल हेल्मेट’ एकदा. अगदी हेच हवं होतं.

शांततेवर भर देण्याचा एक फायदा भारतीय भाषांत टाइप करणाऱ्यांना विशेष होतो. ‘नवी क्वेरी जुनीने सुरू होत असेल तर जुनी टाकून द्या’ ही दुसरी प्रचलित युक्ती आहे. पण रोमन अक्षरं टाकून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डवर आधीचा मजकूर पुसून नवा येतो. आधीची क्वेरी नव्या क्वेरीच्या सुरुवातीशी जुळतच नाही, त्यामुळे ती युक्ती तुकडे टाकू शकत नाही. वेळेच्या नियमाला लिपीशी देणंघेणं नाही.

चुकतं कुठे? सावकाश टाइप करणारा ‘सायक’वर पाच सेकंद अडला की ‘सायक’ ही पूर्ण क्वेरी म्हणून मोजली जाते. फोनवर हे सर्रास होतं. यावर ‘एक्सपांड क्वेरी’ हा पर्याय दिला आहे. तो चालू केला की अर्धवट शब्दाऐवजी तो ज्या पूर्ण शब्दाशी जुळला, तो शब्द नोंदवला जातो. मुळात हा पर्याय बंद असतो आणि बंदच ठेवावा, असं आम्हाला वाटतं. ‘सायकल हे’वर थांबलेल्या माणसाला हेल्मेट हवं होतं की हेडलाइट, हे इंजिनाला माहीत नसतं. जे जुळलं ते नोंदवलं जाईल आणि माणसाने कधी न म्हटलेली गोष्ट लोकप्रिय ठरेल. तुकडे नंतर गाळता येतात. चुकीचा पूर्ण केलेला शब्द मात्र खऱ्यासारखाच दिसतो, तो शोधून काढता येत नाही.

व्हिजिटर ओळखायचा कसा

इथे बहुतेक दुकानं अडखळतात आणि दोष इंजिनाला देतात. चार सेकंदांचा हिशोब प्रत्येक व्हिजिटरचा वेगळा व्हायला हवा. वेगळं काही सांगितलं नाही तर टाइपसेन्स विनंती ज्या आयपी पत्त्यावरून आली, त्यालाच व्हिजिटर समजतो. ब्राउझरमधून थेट विनंती जात असेल तर बऱ्यापैकी चालून जातं. पण अनेक दुकानांत सर्च आधी स्वतःच्या बॅकएंडकडे (साइटच्या मागच्या सर्व्हरकडे) जातो आणि तिथून टाइपसेन्सकडे. मग सगळ्या व्हिजिटर्सचा आयपी एकच, म्हणजे तुमच्या बॅकएंडचा.

त्याचा परिणाम असा. गर्दीच्या वेळी दर सेकंदाला कोणी ना कोणी टाइप करत असतो, त्यामुळे त्या ‘एका’ व्हिजिटरच्या विनंत्यांमध्ये ४ सेकंदांची शांतता जवळजवळ पडतच नाही. दिवसभराचे हजारो शोध मोजलेच जात नाहीत. रात्री ट्रॅफिक ओसरला की शांतता मिळते आणि मोजणी सुरू होते. तुमच्या दुकानाची लोकप्रिय यादी विचित्र दिसत असेल, आकडे ट्रॅफिकच्या मानाने फारच कमी असतील आणि रात्रीचे शोध दिवसाच्या शोधांना मागे टाकत असतील, तर सगळ्यात आधी हेच तपासा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक सर्च विनंतीच्या हेडरमध्ये टाइपसेन्सला युजर आयडी पाठवता येतो. ब्राउझरमध्ये सेशनसाठी एक यादृच्छिक आयडी बनवा आणि बॅकएंड मध्ये असेल तर तो पुढे ढकला. ईमेल, ग्राहक क्रमांक, फोन नंबर यातलं काहीही आयडी म्हणून वापरू नका. मोजणीसाठी ‘हा तोच माणूस आहे’ एवढंच कळायला हवं, तो कोण आहे याची गरज नाही.

याच टप्प्यावर आणखी एक काम उरकून घ्या. सर्च विनंतीसोबत ‘इनेबल ॲनालिटिक्स’ हे पॅरामीटर खोटं करून पाठवलं तर तो शोध मोजला जात नाही. निकालांचं दुसरं पान, फिल्टर बदलणं, किमतीनुसार क्रम लावणं, टेस्ट स्क्रिप्ट, साइट जिवंत आहे का हे पाहणारे मॉनिटर, दुकानातल्या कर्मचाऱ्यांचे शोध, या सगळ्यांवर ते लावा. फिल्टर चारदा बदलणाऱ्या माणसाने एकदाच शोधलेलं असतं.

मर्यादेची अडचण आणि न उतरणारे आकडे

आता या सोयीतल्या दोन खऱ्या उणिवांकडे येऊ.

पहिली उणीव: काउंट फक्त वाढतो. दर फ्लशला नवे आकडे जुन्यात मिळवले जातात, जुने आकडे काळाप्रमाणे कमी होत नाहीत. एखाद्या हंगामात तुफान शोधली गेलेली वस्तू हंगाम संपून सहा महिने झाले तरी यादीच्या माथ्यावर बसलेली असते.

दुसरी उणीव पहिलीमुळे आणखी बोचते. कलेक्शनमध्ये मर्यादेपेक्षा जास्त क्वेरी झाल्या की सर्वांत कमी काउंटच्या काढल्या जातात. समजा मर्यादा १००० आहे आणि वर्षभरात हजाराव्या क्रमांकाच्या क्वेरीचा काउंट ६० झाला आहे. बाजारात आलेल्या नव्या उत्पादनाचं नाव तासाला २० लोक शोधतायत. पहिल्या फ्लशला ते नाव २० वर शिरतं आणि ६० च्या खाली असल्यामुळे छाटलं जातं. पुढच्या तासाला पुन्हा २० पासून सुरुवात. दिवसाला शेकडो लोक शोधत असूनही ते नाव यादीत टिकत नाही आणि वर्षभरात कसेबसे ६० शोध मिळवलेली क्वेरी मात्र जागा अडवून बसते.

म्हणून मर्यादा १००० वर ठेवू नका. ‘क्यू’ आणि ‘काउंट’ मिळून एक नोंद फारच छोटी असते. २०,००० किंवा ५०,००० नोंदींनीही मेमरीवर जाणवेल असा ताण पडत नाही. मात्र मर्यादा वाढवली की कचराही राहतो, त्यामुळे या कच्च्या कलेक्शनमधून बॉक्सला थेट वाचू देऊ नका.

कच्चं एक, दाखवायचं दुसरं

आमची शिफारस अशी. टाइपसेन्स भरतो ते कच्चं कलेक्शन. त्यातून रोज रात्री एक स्वच्छ कलेक्शन बनतं आणि बॉक्स फक्त त्यातून वाचतो. स्वच्छ कलेक्शन दर वेळी नव्या नावाने बनवा, भरून झाल्यावर तपासा आणि मग टाइपसेन्सचा कलेक्शन एलियस (एखाद्या कलेक्शनकडे बोट दाखवणारं टोपणनाव) त्याच्याकडे वळवा. काही बिघडलं तर एलियस कालच्या कलेक्शनकडे वळवायला एक विनंती पुरते.

कच्च्या कलेक्शनमधला एखादा घाणेरडा शब्द हाताने पुसून भागत नाही, हेही लक्षात ठेवा. उद्या कोणी तो पुन्हा शोधला की तो परत येतो. नको असलेल्या शब्दांची यादी बाहेर ठेवायची आणि स्क्रिप्टने ती दर रात्री लावायची.

रात्रीच्या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कच्चं कलेक्शन एक्सपोर्ट करा, ते ओळीगणिक एक जेसन नोंद अशा मजकुराच्या फाइलमध्ये येतं. मग मजकूर एकसारखा करा: पुढच्या-मागच्या जागा, दुहेरी जागा, लॅटिन लिपीतली मोठी-लहान अक्षरं. त्यानंतर युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडने लिहिलेलं असेल तर त्याला एक ठरावीक रूप देणं). देवनागरीत एवढ्याने भागत नाही. ‘दोऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवर ‘ऱ’ वापरून लिहिला जातो, दुसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि अदृश्य झीरो विड्थ जॉइनर वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला त्या दोन वेगळ्या क्वेरी वाटतात आणि काउंट विभागला जातो. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आहे, पण ‘अ’वर चंद्र देऊनही ते लिहिलं जातं आणि काही कीबोर्ड मध्ये जॉइनरही घालतात. एनएफसी या जोड्या एक करत नाही. त्यासाठी स्वतःचा छोटा बदल-तक्ता ठेवावा लागतो. पाच-सहा ओळींचा तक्ता आहे, पण तो नसेल तर यादीत एकच सजेशन दोनदा दिसतं आणि माणसाला दुकान बेफिकीर वाटतं. शिवाय सजेशन्सच्या आणि उत्पादनांच्या फील्डला योग्य लोकेल (भाषेची सेटिंग) दिलेलं आहे ना, हेही पाहा. मुळातलं लोकेल इंग्रजीचं आहे, ते युरोपीय भाषांसाठी ठीक आहे.

एकसारखं केल्यावर त्याच मजकुराचे काउंट एकत्र करा. मग तुकडे गाळा. नियम असा ठेवता येतो: क्वेरी दुसऱ्या एखाद्या क्वेरीची सुरुवात आहे, तो जोड शब्दाच्या मध्येच तुटतो आणि लांब क्वेरीचा काउंट दहापट किंवा जास्त आहे, तर छोटी काढा. ‘सायक’ निघून जाईल. ‘सायकल’ मात्र ‘सायकल हेल्मेट’मुळे निघणार नाही, कारण तिथे तोड शब्दाच्या शेवटी आहे. ‘बॅट’ आणि ‘बॅटरी’सारख्या जोड्यांत घात होऊ शकतो, म्हणून छोटा शब्द कॅटलॉगमध्ये पूर्ण शब्द म्हणून सापडत असेल तर त्याला हात लावू नका.

पुढची पायरी टाळू नये अशी आहे: उरलेली प्रत्येक क्वेरी आजच्या उत्पादनांवर खरोखर चालवून पाहा आणि निकाल मोजा. गेल्या महिन्यात १२ निकाल देणारी क्वेरी माल संपल्यामुळे आज शून्य देत असेल. सजेशनवर क्लिक करून रिकामं पान मिळणं हे सजेशन नसण्यापेक्षा वाईट, कारण दुकानाने स्वतः बोट दाखवलेलं असतं. स्टॉकमध्ये असलेलीच उत्पादनं मोजा. किमान किती, ते दुकानाच्या आकारावर ठरतं. सुटे भाग विकणाऱ्याला एक निकालही पुरतो, कपड्यांच्या दुकानात पाचाखाली सजेशन देऊ नये.

मग गुण. रोजचा वाढीव काउंट काढा (आजचा वजा कालचा) आणि कालच्या गुणांना ०.९ ने गुणून त्यात मिळवा. ०.९ ने गुण साधारण साडेसहा दिवसांत निम्मे होतात आणि ३० दिवसांनी जुन्या लाटेचे जेमतेम ४ टक्के उरतात. हळू बदलणाऱ्या मालाला ०.९५ ठीक, तिथे ३० दिवसांनी सुमारे २१ टक्के शिल्लक राहतात. एक खाचखळगा: कच्च्या कलेक्शनमधून छाटली गेलेली क्वेरी परत आली की आजचा काउंट कालच्यापेक्षा कमी दिसतो आणि वजाबाकी उणे येते. तेव्हा आजचा पूर्ण काउंट हीच वाढ धरा.

किती वेळा शोधलं म्हणजे उपयोगी पडलं असं नाही

टाइपसेन्समध्ये क्लिक आणि खरेदीचे इव्हेंट पाठवता येतात. ‘काउंटर’ नियम लावला तर प्रत्येक इव्हेंटला वजन देऊन उत्पादनाचा लोकप्रियतेचा आकडा वाढवता येतो, उदाहरणार्थ क्लिकला १ आणि खरेदीला ५. निकालांचा क्रम लावायला हे झकास. पण हा आकडा उत्पादनाला चिकटतो, क्वेरीला नाही. सजेशन्सचं कलेक्शन फक्त किती वेळा शोधलं एवढंच जाणतं. २०० वेळा शोधलेली आणि ४ क्लिक मिळालेली क्वेरी तिथे दिमाखात वर बसते, जरी तिचे निकाल लोकांच्या कामाचे नसले तरी.

इव्हेंट पाठवताना त्यासोबत क्वेरी पाठवा आणि ‘लॉग’ प्रकारच्या नियमाने ते साठवा, किंवा स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहा. मग प्रत्येक क्वेरीचं क्लिकचं प्रमाण काढता येतं. साधा भागाकार करू नका: एकदा शोधली आणि एकदा क्लिक झाली, ती क्वेरी १०० टक्के दिसेल. वर २ आणि खाली १० मिळवा. एका शोधात एक क्लिक असेल तर ३ भागिले ११, म्हणजे ०.२७. दोनशे शोधांत नव्वद क्लिक असतील तर ९२ भागिले २१०, म्हणजे ०.४४. क्रम ताळ्यावर आला. हे प्रमाण आधीच्या गुणांना गुणून अंतिम गुण ठरवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे सजेशनचं सजेशनवर पडणारं वजन. यादीत वर दिसलेलं जास्त क्लिक होतं, क्लिक झालं की तोच शोध चालतो, तो मोजला जातो आणि सजेशन आणखी वर जातं. काही आठवड्यांत यादी गोठते आणि लोकांना काय हवंय याऐवजी आपण काल काय दाखवलं, हेच मोजलं जातं. सजेशनवर क्लिक करून आलेल्या शोधावर ॲनालिटिक्स बंद करा, म्हणजे हातांनी पूर्ण टाइप केलेलेच शोध मोजले जातील. यात एक तोटा आहे: लोकप्रिय गोष्टी लोक पूर्ण टाइप करायचं सोडतात, त्यांच्या काउंटची रोजची वाढ घटते. म्हणून सजेशनच्या क्लिकची वेगळी नोंद ठेवावी आणि रात्रीच्या कामात तिला कमी वजनाने, समजा एक चतुर्थांश धरून, मिळवावी. इंजिनात अशी तजवीज नाही, हे काम तुमच्याच स्क्रिप्टमध्ये होतं.

खोटे शोध आणि खाजगी मजकूर

ब्राउझरमधली सर्च की कोणालाही दिसते. ती फक्त शोधापुरती असली तरी कोणी हजार बनावट युजर आयडी लावून हवी ती क्वेरी हजारदा पाठवू शकतो. कच्च्या कलेक्शनमध्ये किती वेगवेगळ्या सेशन्सनी शोधलं हा आकडाच नाही, त्यामुळे तिथून हा खेळ पकडता येत नाही. आपल्या बाजूने प्रत्येक पूर्ण शोधाची एक ओळ लिहा: वेळ, सेशन, क्वेरी, निकालांची संख्या, हाताने टाइप केलं की सजेशनवरून आलं. किमान दहा वेगळ्या सेशन्सनी, किमान तीन वेगळ्या दिवशी शोधल्याशिवाय क्वेरी यादीत येऊ देऊ नका.

हाच उंबरठा खाजगीपणाही राखतो. लोक सर्च बॉक्समध्ये ऑर्डर क्रमांक, फोन नंबर, ईमेल, कधी आपला पत्ताही टाकतात. एखाद्याचा नंबर दुसऱ्याला सजेशन म्हणून दिसणं अक्षम्य आहे. ‘@’ असलेली किंवा सलग सहा-सातपेक्षा जास्त अंक असलेली क्वेरी सरळ गाळा (मॉडेल क्रमांक विकत असाल तर कॅटलॉगमध्ये असलेले क्रमांक वाचवा). नाव काढून आयडी लावला की झालं, असं समजू नका. ऑगस्ट २००६ मध्ये एओएलने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या जवळपास दोन कोटी क्वेरी नावांऐवजी आकडे घालून प्रसिद्ध केल्या आणि नुसत्या शोधांच्या मजकुरावरून माणसं ओळखली गेली. सेशनवार ओळी महिन्याभराने पुसून टाका, बेरजा तेवढ्या ठेवा.

बॉक्सने यादी कशी मागावी

मल्टी-सर्चने एकाच विनंतीत सजेशन्स आणि उत्पादनं दोन्ही मागवता येतात, ते करा. सजेशन्सच्या भागात मुळातल्या सेटिंग्ज जशाच्या तशा ठेवू नका. टाइपसेन्स मुळात दोन चुकांपर्यंत सूट देतो, सजेशन्ससाठी एक पुरे. ‘ड्रॉप टोकन्स थ्रेशोल्ड’ शून्य करा, नाहीतर निकाल कमी पडले की इंजिन क्वेरीतला एखादा शब्द सोडून देतं आणि ‘निळी छत्री’ला ‘निळी जीन्स’ सुचवली जाते. क्रम लावताना आधी मजकूर किती जुळला ते, मग गुण. नुसत्या गुणांवर लावलं तर दूरची, एका चुकीने जुळलेली पण लोकप्रिय क्वेरी बरोबर जुळलेल्याच्या डोक्यावर बसते. फोनवर पाच-सहा सजेशन्स, मोठ्या पडद्यावर आठ. त्याहून जास्त कोणी वाचत नाही.

इतरांच्या तुलनेत

मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय अंगभूत आहे. शोध ‘सर्च_क्वेरी’ या तक्त्यात लोकप्रियता आणि निकालसंख्येसकट लिहिले जातात, आणि बॉक्स त्यातून टाइप केलेल्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, शून्याहून जास्त निकाल असलेल्या क्वेरी लोकप्रियतेच्या क्रमाने दाखवतो. मुळात आठ. काही न लिहिता मिळतं, ही तिची जमेची बाजू. पण निकालसंख्या त्या क्वेरीचा शोध झाला तेव्हाची असते, माल संपला तरी जुना आकडा राहतो. मधल्या शब्दावरून जुळणी होत नाही. आणि बॉट्सनी कोंबलेला जाहिरातींचा मजकूर या तक्त्यात शिरतो, ही तर त्या दुकानदारांची जुनी डोकेदुखी आहे: लांबलचक क्वेरीतला एखादा शब्द जरी जुळला आणि निकाल आले, तरी ती यादीला पात्र ठरते.

अल्गोलियाची ‘क्वेरी सजेशन्स’ ही होस्टेड सेवा बरीच आवराआवर स्वतः करते. ती गेल्या ३० दिवसांचे शोध धरते, म्हणजे जुने आकडे आपोआप गळतात. मुळात किमान ४ अक्षरं आणि किमान ५ निकाल अशी अट असते, दिवसातून एकदा इंडेक्स नव्याने बनतो आणि नको असलेल्या शब्दांची यादी तिथेच देता येते. वर सांगितलेलं रात्रीचं काम बऱ्याच अंशी तयार मिळतं. बदल्यात व्हिजिटर्सचे शोध दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात आणि गुणांचं सूत्र तुमच्या हातात राहत नाही. चार अक्षरांची अट लॅटिन लिपीला धरून ठीक वाटते, देवनागरीत काना-मात्राही वेगळ्या कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या स्वतंत्र चिन्हाने) मोजल्या जात असल्याने ती तपासून मगच ठेवावी.

टाइपसेन्सची आवृत्ती बदलताना मात्र जपून. ॲनालिटिक्सच्या नियमांची मांडणी आवृत्त्यांमध्ये बदलली आहे, जुन्या लेखांतली उदाहरणं नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी चालतीलच असं नाही. अपग्रेडआधी नियम आणि कच्चं कलेक्शन दोन्ही एक्सपोर्ट करून ठेवा. नंतर चाचणीच्या सर्व्हरवर फ्लश इंटरव्हल ६० करून, दोन वेगवेगळ्या युजर आयडींनी दोन ओळखीच्या क्वेरी एक-दोन सेकंदांच्या अंतराने मारा आणि दीड-दोन मिनिटांनी कलेक्शन उघडा. दोन्ही क्वेरी एकेक काउंटने दिसल्या तर खरा सर्व्हर हलवा. एकच दिसली तर आयडीचा हेडर वाटेत गळतोय का ते पाहा. एकही दिसली नाही तर नियमातलं स्रोत कलेक्शनचं नाव तपासा: तिथे एलियसचं नाव दिलं असेल तर ते बदलून प्रत्यक्ष कलेक्शनचं नाव देऊन पुन्हा चाचणी करा.